शाळेच्या दारावरची सही

वेरबावा, २६ जुलै २०२०

यानिना,

तुझी कॉफी पोचली, गुडघ्याचं मलमही पोचलं. युझिकनं ट्रकच्या सीटखालून काढून दिलं आणि वर मलाच ऐकवलं, की तुम्ही दोघी बहिणी मिळून मला पोस्टमन करून सोडलंत. त्याला काकड्यांची एक बरणी दिली, गप्प झाला. तुलाही दोन पाठवतेय. यंदा शेपू जास्त पडलाय, तक्रार करू नकोस.

तू विचारतेस फोन का करत नाही. अगं, सरहद्द बंद आहे आणि फोन कोण ऐकत असेल सांगता येत नाही, म्हणून फोनवर मी फक्त काकड्यांबद्दल आणि गुडघ्याबद्दल बोलते. बाकीचं लिहीन आणि युझिकच्या हाती देईन. तो वाचत नाही. त्याला कंटाळा येतो.

तर बातमी अशी. नऊ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं शाळेत मतदान आहे आणि समितीवर पुन्हा मीच. रायसानं विचारलंसुद्धा नाही, नाव टाकून मोकळी झाली. मुख्याध्यापिका ती, समितीची अध्यक्षही तीच, मग बाकीचे आम्ही मास्तर-मास्तरणी मेंढरांसारखे मागे. शिवणाच्या बाईला बाकी काम तरी काय असतं सुट्टीत, म्हणाली. परवा बरणी घेऊन आली होती, खारवलेली अळंबी भरून. तीच ती निळ्या झाकणाची बरणी. आता मला ती भरून परत द्यायची. गेली तीस वर्षं ती बरणी आमच्या दोन घरांत फिरतेय, आणि रिकामी एकदाही गेलेली नाही.

गावात या वेळी वारं वेगळं आहे. पोरंपोरी मनगटाला पांढरी फीत बांधून फिरतात. आणि एक नवीनच निघालंय. म्हणे ज्यांचं मत जुन्या राष्ट्राध्यक्षाला नाही, विरोधात उभ्या असलेल्या नव्या बाईला आहे, त्यांनी मतपत्रिकेला बाजाच्या भात्यासारख्या चुण्या घालायच्या, स्कर्टाला घालतो तशा, आणि मग टाकायची. मतपेटी पारदर्शक असते ना, म्हणजे बाहेरूनच दिसेल किती आहेत ते. बेकरीतला पाव्हेल मला रस्त्यात अडवून विचारतो, बाई, चुणी आधी आत की आधी बाहेर? सातवीत दोनदा नापास केलं होतं मी त्याला.

रायसाला हे सांगितलं तर हसली नाही. तिला चुण्यांचं नाव काढलेलं आवडत नाही. आठवतं ना, तिच्या लग्नाआधी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं तो हिरवा स्कर्ट शिवला होता? एक चुणी बोटभर, एक नखाएवढी. माझ्या विटेकच्या बाप्तिस्म्याला तोच घालून आली आणि पोराला हातावर घेऊन उभी राहिली.

तुझी, ब्रोन्या


ब्यावीस्तोक, ३१ जुलै

ब्रोन्या, माझी लाडकी मतदान समिती,

काकड्या एका बसणीत संपल्या. माझ्यासोबत बेकरीत काम करणाऱ्या पोलिश बायकांना एकेक चाखायला दिली, तर म्हणतात यात शेपू फार. मी म्हटलं, माझ्या बहिणीला सांगा.

आता भांडू या. गेल्या वेळी तू सही केलीस. त्याच्या आधीच्या वेळीही. काय मोजलं, किती मोजलं, मी विचारलं होतं तेव्हा म्हणालीस, 'रायसानं कागद पुढे केला, मी सही केली, घरी येऊन बटाट्याची धिरडी केली.' मी हसले होते तेव्हा. आता हसू येत नाही. या वेळी काय करणार आहेस?

मला शब्द दे, की जे मोजाल तेच कागदावर असेल तरच सही करशील. मी इथं सगळ्यांना सांगत फिरतेय, की माझी बहीण समितीवर आहे. नाक कापू नकोस माझं.

आणि रायसाला घाबरू नकोस. कुमा असली, तुझ्या पोराची धर्ममाता असली, म्हणून काय झालं.

यानिना


वेरबावा, ८ ऑगस्ट

यानिना,

तिकडून धीट व्हायला काय लागतं. तू सहा वर्षांपूर्वी पिशवी भरून गेलीस आणि आता तिथं बसून माझ्या नाकाची काळजी करतेस. राग मानू नकोस. पण मानलास तरी चालेल.

कुमा असली म्हणून काय झालं, म्हणतेस. माझ्या पोराला देवापुढे हातावर धरलंय तिनं. कुमेशी वैर म्हणजे पाप, असं आपली आई म्हणायची, आणि आईनं फार थोड्या गोष्टींना पाप म्हटलं. माझा नवरा आजारी होता, स्ताख, त्या हिवाळ्यात मी दवाखान्यात बसून असायची आणि शाळेच्या हजेरीपटावर माझी सही रोज रायसा करायची. महिनोन्‌महिने. कुणी ओळखली नाही, माझा पगार कापला गेला नाही. तिची नोकरी गेली असती त्यात. हे तू विसरलीस, मी विसरलेली नाही.

माझा करार वर्षावर्षाचा आहे. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. शिवणाच्या बाईला गावात दुसरं कुणी ठेवणार नाही. म्हणून शब्द देत नाही. पण तुझं पत्र मी टाकून दिलेलं नाही, एवढं समज.

आगाऊ मतदान चालू आहे. दारात खाद्यपदार्थांचा स्टॉल लागलाय, सॉसेज स्वस्त, वर लाऊडस्पीकरवर गाणी. म्हातारे येतात, मत टाकतात, सॉसेज घेतात. पण पेटीत बघितलं की चुण्याच चुण्या. मी आयुष्यभर पोरींना शिकवून थकले, तेव्हा एवढ्या चुण्या कुणी घातल्या नाहीत.

उद्या मुख्य दिवस. रायसा रोज मला घरी सोडायला येते आणि वाटेत हवापाण्याबद्दल बोलते. आम्ही दोघी हवापाण्याबद्दल कधीच बोललेलो नाही, त्यामुळे ते जमत नाही.

ब्रोन्या


वेरबावा, १० ऑगस्ट, सकाळ

यानिना,

युझिक दुपारी निघणार आहे, म्हणून घाईत. इंटरनेट बंद पडलंय, विटेकचा फोन लागत नाही, पण त्याच्या शेजारणीनं निरोप दिला की तो ग्रोद्नोत घरी आहे, ठीक आहे.

मी सही केली नाही.

आता सांगते कसं झालं. दार बंद करून टेबलावर पेटी उलटी केली. साध्या घडीच्या मतपत्रिकांचा ढीग बसका झाला, आणि चुण्यांचा ढीग काही खाली बसेचना. दाबला की पुन्हा फुगायचा. व्यायामाच्या मास्तरांनी वर जाडजूड नकाशांचं पुस्तक ठेवलं, तर ते घसरून पडलं. आम्ही सगळे हसलो. रायसासुद्धा. त्या हसण्यातच सगळ्यांना कळलं होतं कोण जिंकलंय, मोजायच्या आधीच.

मोजताना मी उगाच चुण्या बघत होते, सवय. काही इतक्या सुरेख, की वाटलं ही नक्की माझी विद्यार्थिनी. आणि एक तर अशी, की ज्यानं घातल्या त्याला मी उभं आडवं नापास केलं असतं. मी ती वर धरून दाखवली. रायसानं माझ्या हातातून घेतली, तळव्यानं कितीतरी वेळ सपाट करत बसली आणि ढिगात ठेवली. मला वाटलं, माझ्या थट्टेचा राग आला.

मोजून झालं. नव्या बाईची मतं जुन्याच्या दुपटीहून जास्त. मग व्हरांड्यात फोन वाजला. रायसा बाहेर गेली, आली ती चेहरा पुसून आली. पिशवीतून एक कागद काढला. त्यावर आकडे आधीच टाइप केलेले, बरोब्बर उलटे.

"ही आपली बेरीज," म्हणाली.

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. व्यायामाच्या मास्तरांनी सही केली. ग्रंथालयातल्या सोफियानं केली, नर्सनं केली. कागद माझ्यापुढे आला.

"रायसा, आत्ता आपण सगळ्यांनी मिळून मोजलं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय ब्रोन्या. कर सही आणि घरी जा, तुझ्या काकड्या वाट बघताहेत."

मी पिशवी उचलली. ती म्हणाली, "बस खाली." मी बसले नाही. ती म्हणाली, "दोन वर्षं राहिलीत तुझी, वेडे." हे हळू म्हणाली, मला एकटीलाच ऐकू आलं.

बाहेर अंगणात निम्मं गाव उभं होतं, निकाल दारावर लागायची वाट बघत. पाव्हेलनं विचारलं, बाई, काय झालं? मला आकडे सांगायची परवानगी नाही. मी म्हटलं, "काय झालं ते दारावर लागेल. मी त्याच्यावर सही केलेली नाही." तर टाळ्या वाजवल्या लोकांनी. यानिना, माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. पाव्हेल मला घरापर्यंत सोडायला आला.

झोप नीट लागली. आता ही नोकरी जाणार, पण झोप लागली हे खरं.

ब्रोन्या


ब्यावीस्तोक, १४ ऑगस्ट

ब्रोन्या, माझी ब्रोन्या,

मी पत्र बेकरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मोठ्यानं, भाषांतर करून. मालकीणबाईंनी डोळे पुसले. मीही वकिलातीत मत देऊन आले आणि चुण्या तुझ्याच शिकवणीच्या घातल्या, बरं का.

आपल्या चर्चमधल्या लोकांनाही सांगितलं. इथल्या आपल्या माणसांचा रेडिओ आहे, त्यांना तुझ्याशी बोलायचंय. नाव बदलून बोल हवं तर. आणि नोकरी गेली तर काळजी करू नकोस. माझी खोली लहान आहे, पण आपण दोघी त्याहून लहान खोलीत वाढलो.

अभिमान वाटतो मला तुझा. हे आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, जपून ठेव.

यानिना


ब्यावीस्तोक, १८ ऑगस्ट

ब्रोनिस्लावा,

इंटरनेट सुरू झालं. लोक आपापल्या शाळेच्या दारावरच्या निकालांचे फोटो टाकताहेत. वेरबाव्याचाही आहे. मी मोठा करून बघितला. उलटे आकडे, आणि खाली ओळीनं सगळ्यांची नावं, सह्या. तुझ्या नावापुढे तुझी सही. ती गोल सुरुवात, ती शेपटी. तुझ्या शाळेच्या वह्यांवर लहानपणापासून बघत आलेय.

सही केलीस, तर केलीस. मी समजून घेतलं असतं. दोन वर्षं राहिलीत, कळतं मला. पण मला तसलं पत्र का लिहिलंस? टाळ्या, पाव्हेल, झोप. ती सगळी गोष्ट कशाला रचलीस? फोटोखाली गावातल्याच कुणीतरी लिहिलंय, 'ही बाई आम्हाला पुढच्या दारानं येऊन सांगून गेली की सही केली नाही, आणि मागच्या दारानं जाऊन करून आली.'

बेकरीत आता मी खाली मान घालून पाव भाजते.

मला लिहू नकोस काही दिवस.

यानिना


वेरबावा, २२ ऑगस्ट

यानिना,

तू लिहू नकोस म्हणालीस, पण युझिक निघालाय, म्हणून दोन ओळी.

ती सही माझी नाही. कुणाची आहे ते विचारू नकोस. तुला विश्वास बसत नसेल तर नको ठेवूस, इथंही कुणाचा नाही. पाव्हेलनं काल मला पाव दिला तो काउंटरवर ठेवून दिला, हातात दिला नाही.

करार रद्द झालेला नाही. एक तारखेला शाळेत यायला सांगितलंय. कांदे पाठवतेय, कोरडे आहेत, टिकतील.

ब्रोन्या


वेरबावा, २ सप्टेंबर

यानिना,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

काल शाळेचा पहिला दिवस. तुला माहीत आहे आपल्याकडे काय असतं ते. पोरं फुलं घेऊन येतात, अंगणात उभी राहतात, आणि मग ज्याच्या त्याच्या बाईंकडे धावत सुटतात. दर वर्षी मी दोन बादल्या भरून फुलं घरी नेते आणि आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नसते. कालही बादल्या धुऊन नेल्या होत्या. सवयीनं.

एकही फूल मिळालं नाही. एक पहिलीतली पोर माझ्याकडे निघाली होती, गुलाबी डेलियाचा गुच्छ तिच्याएवढा मोठा. तिच्या आईनं दंड धरून तिला वळवलं आणि सोफियाकडे धाडलं. सोफियाचे दोन्ही हात भरले होते. सोफियानं सही केली होती बरं का, माझ्या डोळ्यांदेखत. पण ती बिचारी कधी म्हणाली नाही की केली नाही. लोकांना राग सहीचा नाही, सही करून वर टाळ्या घेतल्याचा आहे. मी त्यांच्या जागी असते तर मलाही आला असता.

मी रिकाम्या बादल्या घेऊन गावातून घरी आले. त्या एकमेकींवर वाजत होत्या. खूप वाईट वाटलं मला, यानिना. स्ताख गेला त्यानंतर एवढं वाईट वाटलं नव्हतं.

आता तुला सांगूनच टाकते, कारण हे पोटात ठेवून मी आजारी पडेन. ती सही रायसाची आहे. दहा तारखेला दुपारी दारावर बघितलं आणि लगेच ओळखलं. माझ्या सहीची शेपटी खाली जाते, तिच्या हातून ती नेहमी वर जाते. अख्खा एक हिवाळा तिनं माझ्या नावानं सही केलीय, मी ओळखणार नाही तर कोण. आणि का केली तेही मला माहीत आहे. माझी दोन वर्षं वाचवली तिनं. मला न विचारता वाचवली, जशी तेव्हा वाचवली होती.

मी अजून तिला काही बोललेले नाही. तीही बोलत नाही. निळ्या झाकणाची बरणी माझ्या खिडकीत रिकामी पडलीय.

ब्रोन्या


ब्यावीस्तोक, ६ सप्टेंबर

ब्रोन्या,

मी गाढव आहे. फोटो पुन्हा काढून बघितला. शेपटी वर जाते. आईच्या जुन्या पत्रांच्या पेटीतून तुझी कार्डं काढून शेजारी ठेवली, सगळ्या शेपट्या खाली. मला माफ कर. बेकरीतही सगळ्यांना सांगितलं, की गाढव मी आहे, ती नाही. मालकीणबाई म्हणाल्या, पहिलं आम्हाला माहीत होतं.

पण आता ऐक. हा गुन्हा आहे. तुझ्या नावानं खोटी सही. तू ग्रोद्नोतल्या वकिलांकडे जा, नाहीतर मला सांग, मी इथून रेडिओवर सगळं सांगते, रायसाचं नावगाव सगळं. आकडे उलटे झाले हेही त्यातून सिद्ध होईल. फक्त तुझ्यासाठी नाही, सगळ्या गावासाठी. तुझ्या प्रेमाखातर केलं म्हणतेस, तर तिनं प्रेमाखातर तुझं तोंड बंद केलंय. एवढी मतं चोरली ती चोरली, वर तुझं नावही चोरलं.

फक्त हो म्हण.

यानिना


वेरबावा, २१ सप्टेंबर

यानिना,

हो म्हणत नाही. रेडिओला काही सांगू नकोस, सांगितलंस तर मी तुझी बहीण नाही. पण तुझं एक वाक्य खरं आहे. माझं नाव तिनं घेतलं आणि ते मला परत हवंय. ते मी घेतलं. कसं ते सांगते.

राजीनामा लिहिला. साधा, तीन ओळींचा. 'मी नऊ ऑगस्टच्या निकालावर सही केलेली नाही. त्या कागदावर माझ्या नावापुढे सही असल्यानं मी या शाळेत काम करू शकत नाही.' खाली माझी सही, मोठी, शेपटी खाली.

राजीनाम्यावर मुख्याध्यापिकेची सही लागते. म्हणून रायसाकडे गेले. ती खिडकीत उभी राहून झाडांना पाणी घालत होती. वाचला. पुन्हा वाचला. मग झारी ठेवली.

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, म्हणून तर मी..." म्हणाली आणि थांबली.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय मग. तू घरी गेलीस टाळ्या घेऊन. मी तिथं बसले होते. वरून फोनवर विचारत होते, कोणाची सही नाही, नाव सांगा. नाव सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोलीस तुझ्या दारात आले असते. ते दिवस कसले होते तुला माहीत आहे. मी म्हटलं, सगळ्यांच्या आहेत. मग करावीच लागली."

हे मला माहीत नव्हतं, यानिना. मी फक्त पेन्शनचा विचार केला होता. खुर्चीत बसले.

"पोरं मला फुलं देत नाहीत, रायसा," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं.

"बघितलं मी."

"तुझं नाव मी कुणाला सांगणार नाही."

"सांगायला कशाला हवं. तुझी सही तुझ्यासारखी करणारं या शाळेत दुसरं कोण आहे." तिनं पेन घेतलं. "मला काढतील याच्यावर."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत असूनही आणलास."

"हो."

तिनं सही केली. शिक्का मारला. प्रत काढायच्या यंत्राजवळ गेली, एक प्रत काढून माझ्या हातात दिली. आणि म्हणाली, "दाराला लावणार असशील तर टाचण्या माझ्या टेबलावर आहेत. तुझ्या शिवणाच्या लावू नकोस, वाकतात."

निकालाचा कागद अजून दारावरच आहे. काढायचा हुकूम कुणी दिलेला नाही, म्हणून कुणी काढत नाही. त्याच्या शेजारी मी माझा लावला. शेजारी शेजारी दोन सह्या, एक शेपटी वर, एक खाली. आता माझाही कुणी काढत नाही. त्याचाही हुकूम नाही.

संध्याकाळी पाव्हेल आला. दारात उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, बाई, आम्हाला वाटलं होतं... मी म्हटलं, तुला सातवीतही असंच काहीतरी वाटायचं. हसला. पाव हातात दिला. दुसऱ्या दिवशी फाटकाला डेलिया बांधलेले होते, मग अॅस्टर, मग कुणीतरी सूर्यफुलंच उपटून आणली. बादल्या भरल्या. रस्त्यानं जाणारे थांबून नमस्कार करतात.

मला वाटलं होतं की आनंद होईल. झाला, थोडा.

ब्रोन्या


ब्यावीस्तोक, २८ सप्टेंबर

ब्रोन्या,

रेडिओला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण रायसाचं मला अजूनही पटत नाही. तुला वाचवलं हे ठीक, पण उलटे आकडे तर तिनंच दारावर लावले ना? सगळ्या गावापुढे? तुझी कुमा आहे म्हणून मी गप्प बसते, एरवी बसले नसते. ती त्यांचीच आहे ब्रोन्या, मनानंही. तू आंधळी आहेस तिच्या बाबतीत, आधीपासून.

सरहद्द उघडली की ये. नोकरी नाही, आता कारणही नाही न येण्याचं. जाड मोजे पाठवतेय.

यानिना


वेरबावा, १८ ऑक्टोबर

यानिना,

मोजे बरोबर झाले. मी सध्या घरीच शिवते. गावातल्या बायका पडदे आणतात, पोरींचे कोट आणतात, जे द्यायचं ते देतात. उपाशी मरत नाही.

रायसाला मुख्याध्यापिका पदावरून काढलं. कागदावर 'प्रकृतीच्या कारणास्तव'. शाळेत भूगोल शिकवायला ठेवलंय. चौकशी वगैरे काही नाही, चौकशी केली तर आकडेही निघतील ना. गावात तिच्याशी कुणी बोलत नाही. दुकानात ती आली की रांग गप्प होते. मी रांगेत होते एकदा. मी 'नमस्कार रायसा' म्हटलं, तिनं मान हलवली आणि साखर न घेताच गेली.

मी किती दिवस त्या निळ्या झाकणाकडे बघत होते. शेवटी सफरचंदाचा मुरांबा केला, बरणी भरली, आणि ती शाळेत असताना तिच्या पायरीवर ठेवून आले. चिठ्ठी नाही, काही नाही. म्हटलं, फेकायची तर फेकेल.

आठवडा गेला. काही नाही.

आज सकाळी दार उघडलं तर बरणी माझ्या पायरीवर. खारवलेली अळंबी भरलेली, गच्च. निळं झाकण हरवलं असावं किंवा तिनं मुद्दाम ठेवून घेतलं असावं. तोंडाला पांढरा कागद, दोऱ्यानं बांधलेला, आणि कागदाला सगळीकडून चुण्या घातलेल्या. एक बोटभर, एक नखाएवढी.

मी बरणी घेऊन तशीच पायरीवर बसले. तो हिरवा स्कर्ट आठवला. मग नऊ तारखेचं टेबल आठवलं, आणि मी वर धरून दाखवलेली, अशाच चुण्यांची ती एक मतपत्रिका, जिला मी नापास करणार होते. माझ्या हातातून घेऊन तळव्यानं कितीतरी वेळ सपाट करत होती ना ती.

तू म्हणतेस ती मनानंही त्यांचीच आहे. मला आता काय वाटतं ते मी लिहीत नाही, तुझं तू ठरव.

दोरा अजून सोडलेला नाही. पुढच्या रविवारी विटेक येतोय, त्याला पाठवून तिला जेवायला बोलावीन. त्याला ती नाही म्हणत नाही. मग उघडू.

ब्रोन्या